अधिकार खुर्चीला, माणसाला नव्हे

प्रस्तावना

महाराष्ट्रात ज्याच्या नावावर चार गुंठे जमीन आहे, त्याला फेरफार म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वडील गेले की वारसांची नावं लावायची, शेत विकलं की खरेदीदाराचं नाव चढवायचं. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपेपर्यंत थांबायचं, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. आता हे काम ई-फेरफारमधून होतं, पण वाटणी कागदाच्या काळातलीच आहे: एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची. तलाठ्याची बदली झाली तर दप्तर नव्या तलाठ्याच्या ताब्यात जातं. जुना तलाठी ते घरी नेत नाही. अलीकडे या पदाचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. पाटी बदलली, सहीची जागा तीच राहिली.

या एवढ्या व्यवहारात या पुस्तकाचा निम्मा विषय येऊन गेला. सॉफ्टवेअरच्या धंद्यात या रचनेला रोल-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल म्हणतात. आम्ही दिवसभर नुसतं 'आरबॅक' म्हणतो. परवानगी माणसाला द्यायची नाही, रोलला द्यायची, आणि माणसाला रोल द्यायचा. माणूस आला, रोल दिला. बढती मिळाली, बदलला. गेला, काढून घेतला. परवानग्यांच्या यादीला हात लावावा लागत नाही. इतक्या सोप्या गोष्टीसाठी एवढं जाडजूड पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर त्यात चूक नाही. माझं उत्तर असं की सगळी गोम रोल कोणते हे ठरवण्यात आहे, आणि ते ठरवणं हे संगणकाचं काम नाही, कारभाराचं आहे. प्रोग्रॅमर ते कारभाऱ्यांवर ढकलतात, कारभारी प्रोग्रॅमरवर, आणि शेवटी वैतागून सगळ्यांना ॲडमिन करून टाकतात.

कारभाराचं हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत (1697 च्या सुमारास) शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था दिली आहे. हवालदार गडाचा मुख्य. सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हजेरी आणि दप्तर, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा. कुणा एकाच्या फितुरीनं गड जाऊ नये म्हणून ही वाटणी, आणि कारभार सगळ्यांनी मिळून करायचा. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या अधिकाऱ्यांच्या ठरावीक मुदतीनं बदल्या कराव्यात असाही दंडक येतो. आजच्या सुरक्षा-तपासनिसाला ही दोन कलमं दाखवली तर तो पहिल्यापुढे 'कामांची विभागणी' लिहील, दुसऱ्यापुढे 'रोलची आवर्ती तपासणी', आणि दोन्हींवर बरोबरची खूण करील.

याच्या दुसऱ्या टोकाला वतन. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी हे हुद्देच, पण ते घराण्याला चिकटलेले. बापाकडून मुलाकडे जात, भावाभावांत त्यांची वाटणी होई, निम्मी पाटीलकी विकलीही जाई. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना माणसं टिकवायची म्हणून वतनं-सरंजाम पुन्हा द्यावे लागले. ते परत घ्यायला काय लागलं, हे पाहण्यासारखं आहे: महाराष्ट्रात महसुली पाटलाचं पद कायद्यानं रद्द व्हायला 1962 साल उजाडलं. ज्या प्रणालीत परवानगी थेट माणसाच्या नावावर लिहिलेली असते, तिथे मला वतनदारीच दिसते. अडचणीच्या एका रात्री कुणाला तरी 'तात्पुरती' दिलेली परवानगी त्या माणसाच्या निवृत्तीपर्यंत तशीच असते.

हे पुस्तक वडोदऱ्याच्या सयाजीगंजात लिहिलं गेलं. स्टेशन, युनिव्हर्सिटी आणि काळा घोडा यांच्या मधल्या या भागात सॉफ्टवेअरची बरीच छोटी ऑफिसं आहेत, त्यांतल्या एकात. वडोदऱ्याचा उल्लेख केवळ पत्त्यापुरता नाही. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले आणि महसूल, न्याय, पोलीस अशी खात्यांची घडी बसवू लागले. 1881 मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती पूर्ण कारभार आला आणि ते काम पुढे गेलं. विसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्यात न्यायखातं महसुली अंमलापासून वेगळं झालं. ज्यानं सारा वसूल करायचा त्यानंच साऱ्याच्या तक्रारीचा निवाडा करायचा नाही, हा आजच्या भाषेत दोन रोलमधला विरोध. ब्रिटिश मुलखात मात्र कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट बराच काळ एकच माणूस होता. 1931 मध्ये याच राज्यानं 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला. हुद्दे आणि अधिकार नेमक्या शब्दांत लिहून ठेवण्याची हौस असलेलं हे संस्थान होतं.

पण याच शहरात एक प्रसंग घडला, आणि तो वगळून या विषयाचं पुस्तक बडोद्यात लिहिणं मला पटत नाही. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार 1917 मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले. हुद्दा मोठा होता, नेमणूक खुद्द महाराजांच्या राज्याची. तरी कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. राहायला कुठे जागा मिळेना. पारशी उतारगृहात नाव बदलून राहावं लागलं, आणि जात कळल्यावर तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढले. ती बाग आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रोल कागदावर दिलेला होता. अंमल मात्र कागदाबाहेरच्या एका नियमाचा होता, आणि तो नियम प्रत्येक दारावर तपासला जात होता. सभासदाच्या बखरीतली वाटणीही जातींवर बेतलेली आहे: हवालदार-सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. फितुरी अवघड करायला ती युक्ती कामी आली असेल, पण काम नेमून देताना माणसाचा कोणता गुण विचारात घ्यायचा, हा प्रश्न तिनं मोठाच करून ठेवला. नवीन प्रणालींत 'गुणधर्म' पाहून परवानगी देण्याची चाल आली आहे. त्या प्रकरणात हा प्रश्न पुन्हा भेटेल.

आता संगणकाकडे. 1961 मध्ये एमआयटीत सीटीएसएस ही एकाच यंत्रावर अनेकांना काम करू देणारी प्रणाली सुरू झाली आणि तिथे पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधकानं, आपल्याला वाटून दिलेला यंत्राचा वेळ पुरत नाही म्हणून, पासवर्डची अख्खी फाईल छापून घेतली. पासवर्ड समोरचा माणूस कोण हे सांगतो. त्यानं काय करावं हे सांगत नाही. हा दुसरा प्रश्न बटलर लॅम्पसननं 1971 मध्ये तक्त्याच्या रूपात मांडला: ओळींत माणसं, रकान्यांत वस्तू, चौकटीत परवानगी. आजच्या सगळ्या पद्धती म्हणजे हा तक्ता साठवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. वस्तूजवळ यादी ठेवली की एक, माणसाजवळ ठेवली की दुसरी. 1975 मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी जे नियम लिहिले ते अजून जसेच्या तसे शिकवले जातात: कामापुरताच अधिकार द्या, काही सांगितलं नसेल तर नकार समजा, प्रत्येक वेळी तपासा, एकदा तपासलं म्हणून पुढे गृहीत धरू नका. आणि 1976 मध्ये हॅरिसन, रुझो आणि उलमन यांनी एक नकोशी गोष्ट सिद्ध केली. परवानग्या देण्या-घेण्याचे नियम पुरेसे मोकळे असतील, तर एखादा अधिकार कधी नको त्या हातात पडेल की नाही, हे कोणत्याही प्रोग्रॅमला सर्वसाधारणपणे सांगता येणार नाही. मोकळीक आणि खात्री यांतलं काहीतरी सोडावं लागतं. रोलची पद्धत मोकळीक सोडते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत मैदानात दोनच तट होते. पहिला मालकाच्या मर्जीचा: फाईल ज्याची, त्यानं ठरवावं. युनिक्समध्ये हेच आहे. दुसरा लष्करी थाटाचा: कागदावर 'गोपनीय', 'अतिगोपनीय' असा शिक्का, माणसाला तशीच पायरी, आणि आपल्यापेक्षा वरचं वाचायचं नाही, खालच्यात लिहायचं नाही. बेल आणि लापाडुला यांनी 1973 मध्ये हे गणितात बसवलं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'ऑरेंज बुक'नं या दोन्ही पद्धतींना नियमपुस्तकाचा दर्जा दिला. दुकान, बँक, इस्पितळ यांचं मात्र दोन्हींत भागेना. बँकेच्या कारकुनाला खात्याचा आकडा पाहता आला तर काही बिघडत नाही. त्यानं तो एकट्यानं बदलला तर बिघडतं. 1987 मध्ये क्लार्क आणि विल्सन यांनी नेमकं हे मांडलं: व्यापाराची काळजी गुप्ततेपेक्षा हिशेबाच्या खरेपणाची असते, आणि त्यासाठी व्यवहार ठरलेल्या वाटेनंच व्हावा आणि तो दोघांच्या हातून जावा. मला विचाराल तर या साऱ्या वाङ्मयातला हा सर्वांत सुंदर निबंध आहे, आणि आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या मुनिमाला तो वाचून नवल वाटलं नसतं.

त्यानंतर 1992 मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी रोलची पद्धत नावानिशी मांडली. 1996 मध्ये रवी संधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची उतरंड लावली: आधी साधे रोल, मग रोलांवर रोल, मग त्यांच्यावर निर्बंध. संधू पवईच्या आयआयटीचे पदवीधर. जगभरातल्या प्रणाली आज ज्या चौकटीत बोलतात ती चौकट बांधणाऱ्यांत मुंबईत शिकलेला माणूस आहे, हे मराठी वाचकाला सांगावंसं वाटतं. 2004 मध्ये अमेरिकेत या पद्धतीचं प्रमाण ठरलं आणि विषय संशोधनातून नित्याच्या कामात आला.

पद्धतींची नावं पाठ करून काही हाती लागत नाही. म्हणून पुस्तकभर एक काल्पनिक पतसंस्था घेतली आहे, आणि तिच्यातलं एकच काम: कर्जाचा अर्ज. पहिला मसुदा कुणीही पाच मिनिटांत लिहील.

लिपिक: अर्ज नोंदवणे, पाहणे, मंजुरीपूर्वी दुरुस्त करणे.
शाखाधिकारी: अर्ज पाहणे, मंजूर करणे, फेटाळणे.
तपासनीस: सर्व पाहणे, काहीही न बदलणे.

आता संस्थेच्या सचिवांना समोर बसवा. लिपिक रजेवर गेली तर अर्ज कोण नोंदवणार? शाखाधिकारीच. मग मंजूर कोण करणार? दोन्ही रोल एका माणसाला कधीच द्यायचे नाहीत, असा कडक नियम केला तर दोन माणसांच्या शाखेचं कामच थांबतं. दोन्ही द्यायचे, पण एकाच अर्जावर दोन्ही वापरू द्यायचे नाहीत, असा सौम्य नियम केला तर काम चालतं; मात्र मग प्रणालीला प्रत्येक अर्जाचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. पुढचा प्रश्न: शाखाधिकाऱ्यानं दोन लाखांपर्यंतच मंजूर करावं, वरचं संचालक मंडळाकडे. 'दोन लाख' हे रोलमध्ये कुठे बसतं? बसत नाही. तो अर्जाचा गुणधर्म आहे. त्याच्या पुढचा: शाखाधिकाऱ्यानं फक्त आपल्या शाखेचे अर्ज पाहावेत. आठ शाखांना आठ रोल करायचे? आणि सचिव शेवटी हळूच विचारतात तो: अर्जदार शाखाधिकाऱ्याचा मेहुणा असेल तर?

यातल्या शेवटच्या तीन प्रश्नांतून गेल्या वीस-बावीस वर्षांतली पद्धतींची सगळी घराणी निघाली आहेत. रकमेचा आणि शाखेचा प्रश्न गुणधर्मांवर चालणाऱ्या पद्धतीकडे नेतो. माणूस, वस्तू, वेळ, जागा यांचे गुण पाहून जागच्या जागी निर्णय घ्यायचा. 2003 चं एक्सॅकएमएल हे प्रमाण आणि 2014 ची अमेरिकी निस्ट संस्थेची मार्गदर्शिका हे तिचे टप्पे. मेहुण्याचा प्रश्न नात्यांवर चालणाऱ्या पद्धतीकडे नेतो. गूगलनं आपल्या 'झांझिबार' प्रणालीची मांडणी 2019 मध्ये प्रसिद्ध केली, तिथे परवानगी म्हणजे नात्यांच्या जाळ्यातली वाट: हा माणूस या गटात, हा गट त्या फोल्डरचा धनी, तो फोल्डर या कागदाचा आईबाप. आमच्या धंद्यात दर दोन वर्षांनी कुणीतरी 'आरबॅक मेलं' असं जाहीर करतं. मला तसं दिसत नाही. पतसंस्थेत रोलनं नव्वद टक्के काम होतं, उरलेल्यासाठी त्याच्यावर दोनचार अटी लावायच्या. सगळंच अटींवर टाकलं तर 'या माणसाला आज काय काय करता येतं' या साध्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही, आणि तपासनीस येऊन पहिला प्रश्न तोच विचारतो.

रोल बिघडतात कसे, हे जवळून पाहायला हवं. एका ठिकाणी, ते कुठलं हे सांगण्यात अर्थ नाही, रोलांच्या यादीत मी हे वाचलं: 'अकाउंट्स', 'अकाउंट्स-नवीन', 'अकाउंट्स-मार्चएंड', 'अकाउंट्स-मार्चएंड-२', 'अकाउंट्स-साहेब', 'टेस्ट', 'टेस्ट-काढू-नये'. माणसांपेक्षा रोल जास्त. हे आळसानं होत नाही, घाईनं होतं. 31 मार्चला रात्री कुणाला तरी एक जास्तीची परवानगी हवी असते. चालू रोलला हात लावायची भीती वाटते, म्हणून त्याची नक्कल काढून तिच्यात एक ओळ वाढवली जाते. एप्रिलमध्ये ती पुसायला कुणी येत नाही, कारण न पुसल्यानं कुणाचं काम अडत नाही आणि पुसल्यानं अडू शकतं. 'टेस्ट-काढू-नये' कुणी केला हे विचारलं तेव्हा ऑफिसात थोडं हसू झालं. करणारा नोकरी सोडून गेला होता, आणि रात्रीचा बॅकअप त्याच्याच नावावर चालत होता.

दुसरा रोग पडद्याचा. लिपिकाला 'मंजूर करा' हे बटण दिसत नाही, म्हणजे तिला मंजूर करता येत नाही, अशी समजूत. बटण ब्राउझरमध्ये असतं, व्यवहार सर्व्हरवर होतो. बटणामागची विनंती हातानं पाठवली आणि सर्व्हरनं रोल पाहिलाच नाही, तर कर्ज मंजूर होतं. किंवा पत्त्याच्या पट्टीतला अर्जक्रमांक एकानं वाढवायचा, आणि शेजारच्याचा अर्ज उघडतो. यात हुशारी लागत नाही, शाळकरी पोरगंही करील. वेबसाइटांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्पनं 2021 मध्ये धोक्यांची यादी नव्यानं लावली तेव्हा 'मोडकी परवानगी-व्यवस्था' पहिल्या क्रमांकावर आली, ती अशाच चुकांमुळे.

हत्यारांबद्दल थोडक्यात, कारण ती बदलतात. पोस्टग्रेस या डेटाबेसनं 2005 मध्ये वापरकर्ते आणि गट हा भेदच काढून दोघांना रोल म्हटलं, आणि तो निर्णय टिकला. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये नियम फक्त देणारे असतात, 'हे मात्र नको' असं लिहिताच येत नाही; ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये उलट, स्पष्ट नकार सगळ्या होकारांवर मात करतो. एकीकडून दुसरीकडे जाणारा माणूस नेमका इथे अडखळतो. चांदणीचं चिन्ह, म्हणजे 'सगळं', दोन्हीकडे सारखंच घातक आहे. पुस्तकात एका कंपनीच्या पडद्यांची चित्रं मुद्दाम दिलेली नाहीत. पुढच्या आवृत्तीत तो पडदा राहणार नाही.

हे आत्ताच का, याची कारणं वडोदऱ्यात दूर शोधावी लागत नाहीत. अलेंबिक इथे 1907 मध्ये उभी राहिली, आणि तेव्हापासून औषधांचा धंदा या शहराच्या अंगात आहे. अमेरिकेत औषध विकायचं तर तिथल्या एफडीएचा 1997 चा 'भाग 11' लागू होतो: संगणकातली नोंद कुणी केली, कधी केली, बदलली तर आधी काय होती, हे सिद्ध करता आलं पाहिजे. चार केमिस्टांनी एकच लॉगिन वापरलं की हे सगळं कोसळतं, आणि ज्यानं चाचणी करायची त्यालाच निकाल पुसायचा अधिकार असला तर तपासनीस पुढचं पानही उलटत नाही. लहान कंपन्यांनाही आता सुटका नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद सक्तीची झाली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दंडापेक्षा बोलकं उदाहरण मुंबईच्या फोर्टमधलं आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा उघड झाला; सुरुवातीला जाहीर झालेली रक्कम 11,400 कोटींच्या आसपास होती. हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेश-यंत्रणेवरून परदेशी शाखांना गेले, आणि बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंद नव्हती, कारण दोन्ही प्रणाली एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. एकानं करायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, हा नियम बँकांना शिकवावा लागत नाही. पण नियम ज्या प्रणालीत लिहिला तिच्या कुंपणापुरताच चालतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, तो प्रकार निराळा: एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारी यंत्रणाच हल्लेखोरांनी बनावट उभी केली होती. तिथे रोलांची रचना कितीही चोख असती तरी उपयोग नव्हता. या पुस्तकातला विषय सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे, असा कुणाचा समज होऊ नये.

आणखी एक कारण अगदी ताजं आहे. माणसाच्या वतीनं मेल वाचणारे, फायली उघडणारे, नोंदी करणारे एआय-सहायक ऑफिसांत शिरले आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांना मालकाचंच लॉगिन दिलं जातं, म्हणजे सचिवांचा सहायक सचिवांइतकाच समर्थ, आणि चूक करण्याचा त्याचा वेग माणसाला गाठता येणार नाही असा. माझ्या मते अशा प्रत्येकाला स्वतंत्र रोल द्यावा, तो ज्याच्यासाठी काम करतो त्याच्यापेक्षा लहान, मुदतीचा, आणि मंजुरीचा अधिकार नसलेला. यावर एकमत झालेलं नाही. विरोधी मतंही पुस्तकात दिली आहेत.

पुस्तकाचा पहिला भाग संगणक न उघडता वाचायचा आहे. त्यात संस्थेतल्या माणसांना काय विचारायचं, कामांची यादी कशी काढायची, कुठली दोन कामं एका हातात नसावीत, आणि नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा दिवस कसा पार पाडायचा, एवढंच आहे. हा भाग पतसंस्थेच्या सचिवांनी, इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी, शाळेच्या कार्यालयातल्या मुख्य लिपिकांनी वाचावा म्हणून तांत्रिक शब्द शक्य तितके टाळले आहेत. दुसरा भाग प्रोग्रॅमरांसाठी. त्याच यादीपासून नियम, नियमांपासून डेटाबेस, आणि डेटाबेसपासून चाचण्या असा तो जातो. दोघांनी एकमेकांचा भाग चाळावा अशी माझी इच्छा आहे, सक्ती नाही. पासवर्ड, ओटीपी आणि माहितीचं कूटलेखन हे विषय यात घेतलेले नाहीत. त्यांच्यावर चांगली पुस्तकं आहेत, आणि इथे घेतले असते तर हे पुस्तक दुप्पट झालं असतं.

काढून घेण्यावर मी देण्यापेक्षा जास्त पानं खर्च केली आहेत. इंग्रजी पुस्तकांत हे प्रमाण बहुधा उलटं असतं, आणि प्रत्यक्ष कामात त्रास होतो तो तिथेच. दर तिमाहीला प्रत्येक खातेप्रमुखासमोर त्याच्या माणसांची यादी ठेवायची आणि 'राहू द्या' हे उत्तर कारणाशिवाय घ्यायचं नाही, ही पद्धत कंटाळवाणी आहे. तिच्याहून बरी अजून मला सापडलेली नाही.

ज्यांना घाई आहे त्यांनी दुसऱ्या भागातल्या चाचण्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. तिथली पहिली चाचणी लिपिकाच्या लॉगिननं मंजुरीची विनंती पडदा टाळून थेट सर्व्हरला पाठवते, आणि नकार आला तरच पुढे जाते.